दोन दांड्यांची जीप

एस.टी.ने डोंगरकडा सोडल्यापासून सोनाजींचा डावा पाय काम करीत होता. ड्रायव्हरने गिअरच्या दांडीला हात घातला की तो पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जाई, आणि गिअर पडल्याचा आवाज झाला की सावकाश वर येई. सोनाजी ड्रायव्हरपेक्षा नेहमी क्षणभर पुढे असत. त्यामुळे एखादा गिअर खरखरत पडला की दोष कोणाचा, याविषयी त्यांच्या मनात शंका उरत नसे. याच महामंडळाच्या गाड्या चालवून ते निवृत्त झाले, त्याला आता पंधरा वर्षे होत आली होती. पायाला मात्र निवृत्तीचा हुकूम अजून पोहोचला नव्हता.

"दमला असाल," शेजारी बसलेल्या रुक्माबाई म्हणाल्या. "बदली ड्रायव्हर मागवू का?"

"काहून?"

"कवाची पाहून राहिले. पगार ते पोरगं घेतंय अन् गाडी तुमी चालवून राहिले."

मागच्या बाकावर त्यांची नात दीक्षा हसली. सोनाजींनी पाय आवरला आणि खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे पाहू लागले. सकाळपासून त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. खंदारे कुटुंबाच्या आखूड बांध्याच्या जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन गेल्या महिन्यात कळमनुरीजवळच्या चढावर फुटले होते. पाणी उकळून आटले आणि ब्लॉकला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तापमानाचा काटा अडकला होता, असे सोनाजींनी घरी सांगितले होते. काटा लाल खुणेवर व्यवस्थित उभा होता आणि सोनाजींना तो दिसला नव्हता, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचा उल्लेख मात्र अद्याप कोणी केला नव्हता.

वारंगा फाट्यावर धर्मसिंगच्या गॅरेजात ती जीप आता नाक उघडे टाकून उभी होती. तिच्यात कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स बसवायचा, हे आज सांगायचे होते. धर्मसिंगकडे त्याच मालासाठी दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होते. आणि या निर्णयाला दुसरा एक निर्णय टांगलेला होता. सोनाजींचा थोरला मुलगा संतराम, त्याची लेक दीक्षा परभणीला शिकून जनावरांची डॉक्टर झाली होती. तिची नेमणूक झाली ती सेनगाव तालुक्यातल्या एका दवाखान्यावर, आणि त्या दवाखान्याच्या भोवतालची खेडी पावसाळ्यात काळ्या चिखलाने एकमेकांपासून तुटत. तिच्याच वर्गातल्या एका मुलीला परभणीच्या कार्यालयातली खुर्ची मिळाली होती. त्या मुलीचे सासर सेनगावचे असल्याने ती अदलाबदलीला तयार होती. उद्या सोमवारी दीक्षाने तिला हो किंवा नाही कळवायचे होते. जीप मिळाली तर सेनगाव, नाहीतर परभणी, असे दीक्षा घरात एकदाच बोलली होती, तेही जेवताना, भाकरीकडे पाहत. तिच्या बापाने ते ऐकून वरणाची वाटी पुढे केली होती आणि आणखी वरण मागितले होते.

*

संतराम आणि त्याचा धाकटा भाऊ धम्मानंद मोटारसायकलवरून आधीच येऊन बसले होते. धम्मानंद परभणीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवी आणि मोटारींविषयीची मासिके जपून ठेवी. संतरामने शेत सांभाळले होते. त्याच्या तळहातांवरून हे कळे, आणि बोलण्याआधी तो जो वेळ घेई त्यावरूनही.

"जयभीम, उस्ताद," धर्मसिंगने सोनाजींना हात जोडले. नांदेडहून येऊन फाट्यावर स्थायिक झालेला हा सरदार आपल्या फिक्या निळ्या पगडीला ऑइलचा डाग लागू देत नसे; अंगावरच्या उरलेल्या कपड्यांविषयी त्याचा असा काही आग्रह नव्हता. "पेशंट बेहोश हाय. डॉक्टरला बी संगं आणलं, चांगलं केलं."

"मी चार पायांच्या जनावरांची डॉक्टर हाय, काका," दीक्षा म्हणाली.

"मग हिला काय दोन हायत का?"

फळ्यांवर दोन इंजिने आणि तीन गिअरबॉक्स मांडून ठेवले होते. पाहुण्यांसमोर मुली आणून बसवाव्यात तशी ती मांडणी रुक्माबाईंना वाटली आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. पहिले इंजिन मालवाहू व्हॅनचे होते. लहान, डिझेलवर चालणारे आणि थोड्या तेलात लांब जाणारे. त्याच्यासोबतच्या गिअरबॉक्सची दांडी जमिनीतून न निघता स्टीअरिंगच्या खालून निघे. दुसरे इंजिन जीपचेच, मोठे, जड डिझेल. त्याला दोनपैकी कोणताही एक गिअरबॉक्स लागू होई. एकात पाच गिअर होते आणि तो डांबरी सडकेवर पळणारा होता. दुसऱ्यात चारच होते, परंतु त्याच्या पाठीला आणखी एक लहान पेटी जोडलेली होती. तिची वेगळी दांडी ओढली की चारही चाकांना जोर मिळे आणि गाडी माणसाच्या चालीने, पण कशातूनही, निघे. हा शेवटचा गिअरबॉक्स दिसायला सर्वांत ओंगळ होता. त्याच्यावर कुठल्या तरी नाल्याची माती अजून वाळलेली होती.

"मला इचाराल तर," संतराम सावकाश म्हणाला, "पहिली जोडी. दांडी वर गेली की खालती जागा रिकामी. म्होरं चौघं बसतेत. बाजाराच्या दिवशी डोंगरकडा ते फाटा दोन खेपा केल्या की डिझेल सुटलं. केळीचे घड बी नेता येतील."

"भाऊ, तेवढ्या वजनाला ते इंजिन धापा टाकेल," धम्मानंद म्हणाला. "मोठं इंजिन अन् पाच गिअर घेऊ. दरसाल नागपूरला दीक्षाभूमीला जातो आपण. उमरखेड सोडलं की तीन गिअरांची ही जीप कशी किंचाळत जायची, आठवतं ना? पाचवा टाकला की इंजिन शांत राहतं. टॉर्क जागेवर असतो."

"कोण असतो?" रुक्माबाईंनी विचारले.

"टॉर्क, माय. ओढायची ताकद."

"मग तसं म्हण की. मला वाटलं सोबत कुणी येऊन राहिलं."

सोनाजी या वेळेपर्यंत जीपच्या रिकाम्या नाकात डोकावून पाहत होते. "माझं इचाराल तर जुनंच वेल्डिंग करून बसवा," ते आतूनच म्हणाले. "आवाज नव्हता त्याला. चालू हाय का बंद, ते समजायचं न्हाई."

"शेवटाला तसंच झालं की," रुक्माबाई म्हणाल्या. "बंद पडलं अन् तुमाला समजलं न्हाई."

धर्मसिंग पाना शोधण्याच्या निमित्ताने वळून हसला. संतरामला हसू आले नाही. तो मुलीकडे पाहत होता. मातीने माखलेल्या त्या शेवटच्या गिअरबॉक्ससमोर ती बसली होती आणि गुराच्या अंगावरची गोचीड काढावी तशी नखाने वाळलेली माती काढत होती. दांडी वर गेली आणि जीप सवाऱ्यांना लागली की ती रोज आपल्याच हातात राहील आणि मुलीला सेनगावला नेता येणार नाही, हा हिशेब त्याने केळीच्या घडांच्या आड नीट झाकून ठेवला होता. तो कोणाला दिसू नये अशी त्याची इच्छा होती. तिला तो दिसला आहे, असे त्याला वाटले.

*

खंदाऱ्यांच्या घरात भांडणे होत नसत, कारण प्रत्येक गोष्ट दोघा भावांत निम्मी होई. जमिनीची वाटणी त्यांनी कधी केली नाही. निर्णयांची मात्र केली. पुढच्या खोलीची भिंत खालून निम्मी निळी आणि वरून निम्मी पांढरी होती. विहिरीवरची मोटार संतरामच्या पसंतीची आणि पाइप धम्मानंदच्या पसंतीचा होता. दोन्ही वस्तू उत्तम होत्या, आणि जोडावर बारा महिने पाणी गळे.

चहा आला आणि तो संपेपर्यंत याच रीतीने हाही प्रश्न सुटला.

"असं करू," धम्मानंद म्हणाला. "इंजिन तुझं घेऊ. तेल कमी खातंय, हे मला मान्य. गिअरबॉक्स माझा घेऊ, पाचवाला."

"चालंल," संतराम म्हणाला. "दांडी तेवढी वर आणायची."

"आणू की."

दोघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिले. मोठेपणा दाखवण्याची संधी दोघांनाही मिळाली होती. धर्मसिंगने मात्र आपला चहा फळीवर ठेवला.

"सरजी, मी बसवून देतो. पत्रा कापतो, प्लेट बनवतो, बराबर बसंल. मला काय, माझं दुप्पट काम." त्याने लहान इंजिनावर आणि मग पाच गिअरांच्या पेटीवर हात ठेवला. "पर ही जोडी बसंल, नांदायची न्हाई. ह्याच्यात दम नाही अन् तिला मोठी सडक पायजे. चढ आला की हा म्हणंल माझ्यानं होत न्हाई, अन् ती म्हणंल माझ्या माहेरी असं नव्हतं. तुमी मधात बसून दोघांची समजूत काढा."

धम्मानंदला हे पाचव्या गिअरइतकेच स्पष्ट कळत होते. त्याने स्वतः वर्गात फळ्यावर हे गणित मांडून दाखवले असते आणि असली जोडी सुचवणाऱ्या विद्यार्थ्याची चेष्टाही केली असती. मोठ्या भावाला नाही म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी आपण पदार्थविज्ञान बाजूला ठेवले, या विचाराने त्याचे कान गरम झाले. मग त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. गेला महिनाभर तो मनात ही जीप चालवत होता, आणि त्या प्रत्येक चित्रात रस्ता डांबरी होता, स्टीअरिंगवर तो स्वतः होता आणि दीक्षा मागच्या बाकावर कुठेतरी बसलेली होती.

"दीक्षा," तो म्हणाला, "तुला कोणती पायजे?"

तिने माती काढणे थांबवले. "ही, काका. मोठं इंजिन अन् ही दोन दांड्यांची. वेग नसला तरी चालंल मला. तिकडच्या काळ्या रानात गाय अडली, वासरू आडवं आलं, तर ती सडक होईस्तोवर थांबत न्हाई."

"तिथं कंपाउंडर असंल की," संतराम म्हणाला. "त्याच्यापाशी मोटारसायकल असंल."

"असंल. मग मी त्याच्या मागं बसून खेड्याखेड्यानं फिरलेलं चालंल का तुमाला?"

संतरामने पायाखालचा एक नट उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला.

"परभणीची जागा काय वाईट हाय," तो म्हणाला. "पंखा हाय. काका जवळ हाय."

"अन् जनावर न्हाई एक बी, पप्पा. नुसते जनावरांचे आकडे."

"आकडे लाथ मारत न्हाईत," तो म्हणाला. हा त्याचा दिवसभरातला पहिला विनोद होता. मुलगी हसलीही, परंतु त्या हसण्याने प्रश्न जागचा हलला नाही, हे दोघांनाही कळले.

*

"चप्पल घेतानी बी पाय घालून बघतेत," रुक्माबाई म्हणाल्या. "बसून तर बघा आदी."

असे ते सगळे इंजिन नसलेल्या जीपमध्ये बसले. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणारी चार माणसे हे पाहायला जरा पुढे सरकली. धर्मसिंगने मोठ्या उत्साहाने एक लोखंडी सळई स्टीअरिंगच्या खाली तारेने बांधली. सोनाजी ड्रायव्हरच्या जागी चढले. तिथे कोण बसणार, हे विचारण्याची गोष्ट नव्हती. मध्ये संतराम बसला. डाव्या कडेला रुक्माबाई बसल्या, आणि न वाकणारा आपला उजवा पाय त्यांनी सरळ पुढे सोडला. त्या पायाला वाटेत काहीही आडवे आले नाही.

"हे बेस हाय," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा ह्या पायाला कुणी काही म्हणलं न्हाई. जुन्या गाडीत दर तिसऱ्या गिअरला म्हाताऱ्याचा हात माझ्या गुडघ्यावर."

"तो गिअरसाठी होता," सोनाजी म्हणाले.

"मला काय माहीत. सरकारी माणूस तुमी."

मागे धम्मानंदशेजारी बसलेली दीक्षा सगळ्यांबरोबर हसली, परंतु तिचे मन खचत चालले होते. आजी आपल्या बाजूने आहे, असे ती धरून चालली होती. आणि आजीचा पाय तर वडिलांच्या गिअरबॉक्सला मत देत होता. त्या पायाशी वाद घालणे तिला शक्य नव्हते. तो पाय दुखतो तेव्हा आजी बोलत नाही आणि घर बोलायचे थांबते, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. उद्या सकाळी परभणीला फोन करताना काय बोलायचे, त्याचे पहिले वाक्य ती जुळवू लागली.

"आता ती दोन दांड्यांची दाखव रे," रुक्माबाई धर्मसिंगला म्हणाल्या. "अन् जिला चालवायची हाय, तिला बसू द्या तिथं."

सोनाजींचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. ही जीप त्यांनी निवृत्त झाल्यावर सरकारी लिलावात घेतली होती, आणि तेव्हापासून त्या जागेवर दुसरे कोणी बसलेले त्यांनी पाहिले नव्हते. दीक्षा सोबत असली की मधली जागा तिची असे. चौथीत असल्यापासून ती दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून तिथे बसे. 'आता तिसरा,' असे म्हणून सोनाजी क्लच दाबीत आणि दांडी ती ओढी. अशा रीतीने त्या दोघांनी मिळून कितीतरी रस्ता चालवला होता. पाय त्यांचा आणि हात तिचा. तिचे पाय कधी काही शिकतील, हा विचार त्यांना सुचला नव्हता.

"परभणीला लायसन काढलंय मी, आबा," दीक्षा हळू आवाजात म्हणाली.

"कशावर?"

"लहान कारवर."

"ती काय गाडी हाय," सोनाजी म्हणाले. पण ते खाली उतरले.

धर्मसिंगने बांधलेली सळई सोडली आणि जमिनीतल्या भोकांत दोन सळया उभ्या केल्या. मोठ्या डिझेलचा क्लच जड लागतो, तो अंदाज यावा म्हणून त्याने पेडलला एक जाड स्प्रिंगही अडकवून दिली. सोनाजी सवयीने मध्ये जाऊन बसले. दीक्षाने दुसऱ्या गिअरसाठी सळई मागे ओढली.

"आबा, पाय."

त्यांनी पाय सरकवला. तिथे लहान पेटीची दांडी उभी होती. त्यांनी तो उचलून रुक्माबाईंच्या बाजूला नेला, तर तिकडे रुक्माबाईंचा पाय होता.

"आबा, दुसरा पडत न्हाई. तुमचा गुडघा हाय तिथं."

"आता समजलं?" रुक्माबाई म्हणाल्या. "कसं वाटतंय?"

सोनाजी उतरले, मागच्या बाजूने आत चढले आणि बाकड्यावर धम्मानंदसमोर बसले. पुढे आता दीक्षा होती, कडेला रुक्माबाई, आणि मध्ये दोन दांड्या. रुक्माबाईंनी पाय पुढे सोडून पाहिला. मध्ये माणूस नसल्यामुळे त्याला पहिल्याइतकीच जागा मिळाली.

"क्लच दाब," संतराम म्हणाला. तो खाली उतरून दाराशी उभा होता.

दीक्षाने दाबला. पेडल निम्मे गेले आणि थांबले. तिने सीटवर पुढे सरकून पुन्हा जोर केला. पाय ताणला, टाच उचलली गेली, आणि पेडल तळाला लागायला चार बोटे उरली. जुन्या जीपची सीट पुढे सरकत नसे. ती ज्याच्यासाठी बनवली होती, तो माणूस सोनाजींइतका उंच होता.

"बघ," संतराम म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. सुटका होती, आणि ती लपवण्याइतका तो चतुर नव्हता. "पाय पुरत न्हाई, बाई. माझं काय म्हणणं न्हाई. गाडीच म्हणून राहिली."

धम्मानंद सीटच्या कोनाविषयी काही सांगणार होता, पण त्याने ते गिळले. दीक्षाने पाय पेडलवरून काढला नव्हता.

रुक्माबाईंनी कुरकुरत स्वतःखालून आपली वाकळ ओढून काढली. जुन्या लुगड्यांची ती घट्ट शिवलेली वाकळ त्या कुठेही गेल्या तरी बसायला सोबत नेत. ती चार पदरी करून त्यांनी दीक्षाच्या पाठीमागे खोचली, बसली नाही म्हणून काढली, आणि पुन्हा नीट दुमडून खोचली.

"आता."

दीक्षाने दाबला. पेडल गेले, आणखी गेले, आणि तळाच्या पत्र्यावर टेकल्याचा स्पष्ट आवाज झाला. तिने सोडला आणि पुन्हा दाबला. पुन्हा तोच आवाज आला.

"माय, तुला मग बसायला?" संतरामने विचारले.

"दुसरी शिवीन. आसंही रिकामीच हाय मी."

संतरामने दाराच्या कडेवर हात ठेवला. त्याच्याजवळचे मुद्दे संपले होते, आणि आता केळी, सवाऱ्या आणि पेडल यांच्या आड जे होते तेच तेवढे उरले. "रानात गाडी बंद पडली तर?" तो म्हणाला. "रुतली तर? एकटी पोरगी. फोन न्हाई, माणूस न्हाई. मी घरी काय करू, आबा? तुमीच सांगा तिला."

आबा आपल्याच बाजूने बोलणार, याची त्याला खात्री होती.

"सेनगाव लाईनला होतो तवा," ते मागून म्हणाले, "भाद्रपदात गाडी रुतायचीच. पण मला कवा तकलीफ झाली न्हाई. माझ्या मागं भरलेली गाडी होती. कंडक्टर म्हणायचा, उतरा. लोक उतरायचे, ढकलायचे, शिव्या द्यायचे, परत बसायचे." ते संतरामकडे वळले. "तुझी ती वरच्या दांडीची घे, संतराम, तू बाजारात चालव. तुला ढकलायला सवाऱ्या हायत. धम्माला नागपूरच्या सडकेवर गरजच न्हाई. हिच्या मागं कोण राहील? जो एकटा जातो त्याची गाडी आपल्या पायानं निघाली पायजे. हळू का व्हईना."

"अन् तुमी कवा चालवायची मग?" रुक्माबाईंनी विचारले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

सोनाजींनी डोळ्यांवरून हात फिरवला. "काटा अडकला नव्हता," ते म्हणाले.

"व्हय," रुक्माबाई म्हणाल्या. एवढ्या एका शब्दात त्यांनी महिनाभराचा विषय मिटवला.

संतराम जीपच्या नाकाकडे गेला, परत आला आणि खाली वाकून पेडलकडे पाहू लागला. मुलीच्या सँडलकडेही त्याने पाहिले. मग तो धर्मसिंगकडे न बघता म्हणाला, "ह्या पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवता येतो का? वाकळ म्हातारीची हाय. रोज कुठून आणायची."

"लोखंडाचा बसवतो, भाऊ."

"चार बोटं."

"चार बोटं. कुणाची, तुमची का तिची?"

"तिची," संतराम म्हणाला. "अन् ते मोठं इंजिन. अन् ती दोन दांड्यांची पेटी. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हणून सांग."

धम्मानंदने भावाकडे पाहिले. या निर्णयात आपला निम्मा वाटा कोणता, हे तो सवयीने शोधू लागला होता. तो सापडला नाही, आणि त्याला त्याचे वाईटही वाटले नाही. "भाऊ," तो म्हणाला, "विहिरीवरचा पाइप पण बदलून टाकू."

"मोटार बदलू," संतराम म्हणाला. "पाइप चांगला हाय."

दीक्षा अजून स्टीअरिंगवरच होती. वडील दाराशी उभे होते आणि तिच्याकडे पाहायचे टाळत दाराची सैल कडी पुन्हा पुन्हा बसवून पाहत होते. तिला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. परंतु तिचा डावा हात दांडीवर होता आणि तो तिथून काढावासा वाटेना.

"उद्या फोन लावतो मी परभणीला," ती म्हणाली. घरी बोलताना ती लहानपणासारखीच मध्येच पोराप्रमाणे बोले. "सांगतो तिला, मी सेनगावलाच जाऊन राहिले म्हणून."

"सांग," संतराम म्हणाला. कडी बसली होती.

तेवढ्यात मागे पत्र्यावर बोटाच्या पेराचे दोन टोले पडले. ठण, ठण. एकाला एस.टी. थांबते आणि दोनाला निघते, हे फाट्यावर उभ्या असलेल्या त्या चार माणसांनाही माहीत होते. त्यांच्यापैकी एकाने चेष्टेने पिशवी उचलली. सोनाजी बाकड्यावर ताठ बसले होते, हात अजून छताच्या पट्टीवर होता, आणि नजर पुढच्या काचेतून हायवेकडे होती.

दीक्षाने क्लच तळाला नेला आणि सळई पुढे ढकलून पहिला टाकला.

रुक्माबाईंनी सावकाश मान वळवून मागे पाहिले. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही, खाली पत्र्याकडे.

"कंडक्टरला क्लच नसतंय," त्या म्हणाल्या. "पाय वर घ्या."

सोनाजींनी डावा पाय उचलला आणि बाकड्यावर घेऊन मांडी घातली.